चिकूच्या झाडावरच्या तबकड्या

“ऐकली होती का एक तरी तबकडी?”

कुमुदकाकू हे कुणाला उद्देशून म्हणाल्या नव्हत्या. ओट्याकडे तोंड करून त्या प्रसादाचा शिरा द्रोणांत भरत होत्या. बाहेरच्या खोलीत त्यांचे यजमान, भास्करकाका, आपली ठरलेली गोष्ट सांगत होते. दोन्हीकडचं ऐकू येईल अशी त्या घरात एकच जागा होती, फ्रिज आणि दार यांच्या मधली. सत्यनारायणाला जमलेल्या माणसांपासून लपायला मी नेमकी तिथे उभी होते.

बाहेर खालच्या मजल्यावरचे नवे भाडेकरू होते. त्यांनी गोष्ट ऐकलेली नव्हती, त्यामुळे काका रंगात आले होते.

“आमची वाणगावला वाडी होती चिकूची. वटवाघळांनी नुसता उच्छाद मांडलेला. आणि ही लग्नात काय घेऊन आलेली, तर पेटीभर तबकड्या! इंग्रजी गाण्यांच्या. रॉक का काय ते. आमी म्हटलं, ह्यांचं करायचं काय? दिल्या टांगून झाडांना! वारा आला की गरागरा फिरायच्या. एक वटवाघूळ फिरकेल तर शपथ. लोक म्हणायचे, चमकतं म्हणून घाबरतात. मी म्हटलं, नाय ओ, ही लावील की काय म्हणून घाबरतात!”

खोली हसली. नवे भाडेकरू तर मांडीवर थाप मारून हसले. माझे बाबाही हसले, जरी त्यांनी ही गोष्ट कितव्यांदा तरी ऐकली होती. कुमुदकाकूंनी शेवटच्या द्रोणावर बदामाचा काप ठेवला, पदर सारखा केला, माझ्याकडे वळून पाहिलं आणि मी ऐकलंय हे त्यांना कळलं. त्यांनी ताट माझ्या हातात दिलं.

“जा, बाय. वाट सगळ्यांना. त्यांना आधी दे.”

‘त्यांना’ म्हणजे काकांना. काकूंचा सूड असा होता. बाहेरून तो सेवेसारखा दिसायचा.

आमचं दार त्यांच्या दारासमोर. बोईसरच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज संध्याकाळी त्यांच्या घरातून लसणाच्या फोडणीचा वास यायचा आणि आमच्याकडे सगळ्यांना एकदम भूक लागायची. काकूंच्या वरणाची फोडणी प्रसिद्ध होती. मी लहान असताना एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती, पण ती मी कुणाला सांगितली नव्हती. मी तशी कुणाला काहीच सांगत नसे. काही संध्याकाळी तो वास यायचाच नाही. पाहुणे येऊन गेले, हसण्याचा आवाज जिन्यापर्यंत आला, की त्या दिवशी वास नसायचा. त्या सत्यनारायणाच्या संध्याकाळी दार उघडं होतं आणि मला काकांचा आवाज ऐकू आला.

“आज फोडणी विसरलीस काय गो?”

“विसरले.”

“वय झालं तुझं.”

“झालं.”

ताट वाजलं. काका बिनफोडणीचं वरण जेवले. ते इतकी वर्षं जेवत आले होते आणि ती गोष्ट नि ते वरण यांचा काही संबंध असेल हे त्यांच्या कधी डोक्यातच आलं नव्हतं. काकूंचे दोन्ही मुलगे आता बाहेरगावी असतात. त्यांना तो संबंध माहीत होता. धाकटा एकदा सुट्टीला आला असताना ताटाकडे बघून म्हणाला, “बाबांनी आज गोष्ट सांगितली वाटतं.” काकूंनी त्याच्या वाटीत वेगळी, कढल्यातून गरम गरम फोडणी ओतली. काका मोबाइलवर बातम्या बघत होते.

चिकूचंही तसंच. बारा महिने चिकू पिकवणाऱ्या माणसाच्या घरात लग्नानंतर एका वर्षाने चिकू यायचा बंद झाला. काकू म्हणायच्या, मला सोसत नाही. वाडी विकली गेली, तिथे गोदाम उभं राहिलं, तरी बाजारातून कुणी चिकू आणले तर त्या ते सालवडला कामगारांच्या खोल्यांत राहणाऱ्या त्यांच्या मोलकरणीला देऊन टाकायच्या. काकांना चिकू फार आवडायचे. ते आमच्याकडे येऊन खायचे.

काकांबद्दल मला वाईट लिहिता आलं असतं तर सोपं झालं असतं. पण भास्करकाका चांगले होते. सगळ्या बिल्डिंगमध्ये कुणाच्या घरी दुखलंखुपलं तर त्यांचीच स्कूटर आधी निघायची. पहाटे चिंचणीच्या किनाऱ्यावर जाऊन ते ताजी मासळी आणायचे आणि निम्मी वाटून टाकायचे. माझ्या कॉलेजच्या परीक्षेला त्यांनी मला पालघरला सोडलं होतं आणि वाटेत एक शब्द बोलले नव्हते, कारण मला बोलायला आवडत नाही हे त्यांना माहीत होतं. त्यांच्यावर रागवायला कुणापाशीच काही कारण नव्हतं. एका माणसापाशी होतं, आणि त्या कारणावर सगळे हसत होते.

काकूंनी मला निवडलं ते मी बोलत नाही म्हणून. हे त्यांनीच मला सांगितलं. मी एमआयडीसीतल्या एका औषधांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत काम करते. सकाळच्या पाळीहून दुपारी घरी येते. एक दिवस जिन्यात त्या पायरीवर बसून कोथिंबीर निवडत होत्या आणि तोंडाने काहीतरी वाजवत होत्या. गात नव्हत्या, वाजवत होत्या. ओठ मिटून, नाकातून, एक जाड खरखरीत आवाज. तो वर चढायचा, अडायचा, पुन्हा खाली यायचा. सत्तरीच्या बाईच्या तोंडून इलेक्ट्रिक गिटार येत होती. मी थांबले.

“तुझ्या त्या फोनात हे शोधता येतं काय?” त्यांनी विचारलं.

मी फोन त्यांच्या तोंडापुढे धरला. फोनने एक हिंदी भक्तिगीत सुचवलं. काकू इतक्या हसल्या की कोथिंबीर खाली पडली.

मग त्यांनी सांगितलं. एकदम नाही. कोथिंबिरीच्या, पालकाच्या जुड्या, वालाच्या शेंगा निवडता निवडता, पुढच्या बऱ्याच दुपारी.

त्यांचं माहेर तारापूरजवळ. तिथे अणुवीज केंद्र उभं राहत होतं तेव्हा त्या शाळेत होत्या. कामासाठी परदेशी इंजिनिअर आले होते, बायकामुलांसकट. त्यांची वसाहत होती. काकूंचे वडील सायकलवरून त्या घरांत अंडी आणि भाजी पोचवायचे. लहानगी कुमुद कधी कधी मागे कॅरिअरवर बसून जायची, अंड्यांची टोपली मांडीवर धरून. जाळीच्या दारांमागून गाणी ऐकू यायची. “पहिल्यांदा वाटलं, कुणाचं मशीन बिघडलंय,” काकू म्हणाल्या. “मग कळलं, ते मुद्दाम तसं करतायत. मला लय आवडलं. मुद्दाम बिघडवायचं आणि ते सुरात बिघडवायचं.”

काम संपलं, लोक परत गेले. जाताना त्यांनी आसपासच्या लोकांना सामान वाटून टाकलं. कुणाला टेबल मिळालं, कुणाला इस्त्री. अंडीवाल्याला एक रेकॉर्ड प्लेयर आणि तबकड्यांची पेटी मिळाली. वडिलांना वाटलं विकावी, पण पोरीने पेटीवर बसून राहायचं ठरवलं होतं आणि ती उठेचना. शेवटी त्यांनी पेटी आणि प्लेयर माळ्यावर ठेवायला परवानगी दिली. लग्न होईपर्यंत कुमुदची रोजची दुपार त्या माळ्यावर गेली, सुक्या बोंबलांच्या गोण्यांच्या शेजारी.

तिला ना गाण्यांचे शब्द कळायचे ना कव्हरवरची वेडीवाकडी, वितळल्यासारखी अक्षरं वाचता यायची. म्हणून तिने तबकड्यांना आपली नावं दिली. एक ‘घोडेवाली’, कारण कव्हरवर एका स्वयंपाकघरात घोडा उभा होता आणि ओट्यावर बाई बसली होती. एक ‘टकल्यांची’. एक ‘भांडणाची’, तीत दोन माणसं सतत एकमेकांवर ओरडायची. आणि एक ‘पिवळी’. पिवळीच्या कव्हरवर काहीच नव्हतं. नुसता पिवळा रंग आणि कोपऱ्यात एक वाकलेला चमचा.

“पिवळीत काय होतं?” मी विचारलं. मी प्रश्न विचारला याचं मला नंतर नवल वाटलं.

“एक बाई ढोल वाजवायची,” काकू म्हणाल्या. “त्यांच्यात त्याला काय म्हणतात ते. मागे वाजवायची आणि मधेच ओरडायची. रागाने. गाणं कुणी बाप्या म्हणायचा, पण गाणं होतं तिचं. आमच्याकडे बाई रागावली की भांडी आपटते. मला वाटायचं, हिला भांडी नाय पुरली.”

लग्नात त्यांनी एकच हट्ट केला, पेटी बरोबर नेण्याचा. प्लेयर भावाने ठेवून घेतला. तबकड्या तरी असू देत, प्लेयर पुढे आणू, असं त्या मनाशी म्हणाल्या. पहिल्या बाळंतपणाला त्या माहेरी गेल्या. परत आल्या तेव्हा बाळ मांडीवर होतं आणि भावाने बैलगाडीतून आणून सोडलं होतं. वाडीच्या वळणावर गाडी आली आणि त्यांना झाडांवर काहीतरी काळं फिरताना दिसलं. त्यांना आधी वाटलं, मेलेले कावळे बांधलेत. पाखरांना घाबरवायला तेही बांधतात.

तबकडीला मधे भोक असतंच. पण मधल्या भोकातून तार घातली तर ती आडवी राहते, फिरत नाही. म्हणून काकांनी सळई तापवून प्रत्येक तबकडीच्या काठाला वेगळं भोक पाडलं होतं. काकू हे सांगताना बोटाने हवेत एक गोल काढायच्या आणि काठावर टिचकी मारायच्या. उन्हात त्या तबकड्या पापडासारख्या वाकल्या होत्या. कव्हरं कापून सासूबाईंनी फडताळात कागद म्हणून घातली होती. घोड्याचं अर्धं तोंड मसाल्याच्या डब्यांखाली कितीतरी वर्षं होतं. पिवळी तबकडी तेवढी झाडावर नव्हती. ती माठावर झाकण म्हणून होती, भोकातून मुंग्या जाऊ नयेत म्हणून मेण लावून. मधलं कागदी लेबल पाण्याने निघून गेलेलं. काकू सून म्हणून ती रोज उचलायच्या, पाणी घ्यायच्या आणि परत ठेवायच्या.

“तुम्ही काय म्हणालात?” मी विचारलं.

“काय म्हणणार? बाळ रडत होतं. आत गेले.” त्यांनी एक पान बाजूला टाकलं. “ते अंगणात उभे होते. कौतुक करून घ्यायला! म्हणाले, बघ, तुझ्या पेटीचा कसा उपयोग केला. हसत होते. वाईट मनाने नाय गं. तेच तर. वाईट मनाने केलं असतं तर मी भांडले असते.”

काका तेव्हापासून ती गोष्ट सांगत आले. पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यात काकू रडतात असा एक शेवट होता म्हणे. तो लोकांना आवडला नाही, मग त्यांनी वटवाघळांचा शेवट केला.

मी शोधायला लागले. मला माणसांशी बोलता येत नाही, पण इंटरनेटवर कधी न भेटणाऱ्यांशी बरं बोलता येतं. जुन्या तबकड्या जमवणाऱ्यांचे जगभर गट आहेत. त्यातल्या एकावर मी लिहिलं, स्वयंपाकघरात घोडा, ओट्यावर बाई. दुसऱ्या दिवशी सकाळी फोटो आला होता. मी तो काकूंना दाखवला तेव्हा त्यांनी फोन हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि बराच वेळ घोड्याकडे बघत राहिल्या.

“पूर्ण तोंड हाय ह्याचं,” त्या म्हणाल्या.

घोडेवाली मिळाली. मग टकल्यांची मिळाली. फार कुणाला ठाऊक नसलेले, एकदोन तबकड्या काढून मोडलेले गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांचे संच होते ते सगळे. त्यामुळे ज्यांना ठाऊक होते ती माणसं माझ्या प्रश्नांनी वेडी झाली. भारतात? समुद्रकाठच्या खेड्यात? एका मुलीकडे? कुरिअरवाला मुलगा बोईसर स्टेशनजवळचा होता. तो प्रत्येक वेळी खोकं लांबूनच दाखवून ओरडायचा, “मॅडम, फिर से थाली आयी है आपकी, फॉरेनवाली!”

प्लेयर काकूंच्या भावाकडे चिंचणीला होता, टीव्हीखाली. टीव्हीची उंची कमी पडते म्हणून ठेवलेला. पालघरच्या एका दुरुस्तीवाल्याने त्याचा पट्टा बदलला, सुई आणवली. काकूंनी तो बाहेरच्या खोलीत, अगदी काकांच्या खुर्चीसमोर मांडला. मला वाटलं, आता काकांना सुनावणार. इतक्या वर्षांचं. मी घरी जायला निघाले तर त्यांनी मला हाताला धरून बसवलं.

सुई टेकली. खरखर झाली आणि मग तीच जाड, अडखळणारी गिटार खोलीत आली, जी मी जिन्यात काकूंच्या नाकातून ऐकली होती. काकू ताठ बसल्या होत्या, गुडघ्यांवर हात ठेवून, शाळेत बसतात तशा. त्या प्लेयरकडे बघत नव्हत्या. काकांकडे बघत होत्या.

काकांना कमी ऐकू यायला लागलं होतं, कानात मशीन असायचं. त्यांनी हसून मशीन काढलं आणि शर्टाच्या खिशात ठेवलं.

“वाजव, वाजव. खुशाल वाजव. मी कान काढून ठेवले.”

आणि वर्तमानपत्र उघडलं.

मला भयंकर राग आला. काकू मात्र शांत होत्या. बाजू संपेपर्यंत ऐकली, तबकडी पुसून कव्हरात घातली. मला सोडायला दारापर्यंत आल्या तेव्हा मी म्हटलं, “काकू, सांगा ना त्यांना. एकदा तरी बोला.”

“सांगून काय होतं? सांगितलं की ते म्हणतील, अरेरे, चुकलं गो माझं. दोन मिनिटांत मोकळे. पुढच्या सत्यनारायणाला गोष्टीत तेवढं वाढवतील.” त्यांनी दार जरा ओढून घेतलं. “मला फक्त एकच पायजे. त्यांनी विचारावं. कुमुद, काय होतं गो त्यात? एवढंच. लग्नाला पन्नास वर्षं होत आली, या माणसाने एकदा नाय विचारलं. मरायच्या आधी एकदा विचारतील. माणूस विचारतोच.”

“आणि विचारलं की?”

“मग मी नाय सांगणार,” कुमुदकाकू म्हणाल्या. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की मला त्यांची थोडी भीती वाटली. “ऐकूही नाय देणार. म्हणणार, तुमी बाहेर जाऊन बसा. ही माझी हाय.”

त्यानंतर त्या रोज दुपारी रेकॉर्ड लावू लागल्या, जशी काही गळ टाकून बसतात माणसं. काका कान काढून पेपर वाचायचे. कधी चहा मागायचे. एकदा ते म्हणाले, “ह्या कव्हरवर घोडा का काढलाय?” काकू झटकन पुढे झुकल्या. पण काकांनी लगेच पुढे म्हटलं, “आमच्या आज्याकडे असाच होता, पांढऱ्या पायाचा,” आणि ते आज्याच्या घोड्यावर गेले. त्या संध्याकाळी बिनफोडणीचं वरण झालं.

पिवळी काही मिळत नव्हती. वाकलेला चमचा कुणालाच माहीत नव्हता. जमवणाऱ्यांनी हात टेकले. मग एक दिवस कारखान्यातून परतताना रिक्षात माझ्या मनात आलं की जी तबकडी जगात कुणालाच ठाऊक नाही ती तारापूरला दुकानातून आलेली असणार नाही. ती कुणाच्या तरी घरातलीच असणार, भावाची, पुतण्याची, शेजारच्या पोरांनी काढलेली. म्हणजे तबकडी शोधून उपयोग नव्हता, ते कुटुंब शोधायला हवं होतं. त्या परदेशी वसाहतीत लहानपण काढलेली माणसं आता म्हातारी आहेत, आणि म्हातारी माणसं लहानपणाचे फोटो टाकतात. मी तसे फोटो टाकणाऱ्या तिघाचौघांना लिहिलं. एकीचं उत्तर आलं. तिची मावशी ढोल वाजवायची. घरच्या गॅरेजमध्ये. कव्हरवरचा चमचा त्या मावशीनेच काढला होता, रागाच्या भरात तो तिनेच वाकवला होता म्हणून. मावशी आता हयात नव्हती. घरात थोड्या प्रती पडून होत्या, एक पाठवते म्हणाली. आमच्या मावशीला कुणी ऐकत होतं हे आम्हाला माहीतच नव्हतं, असं तिने लिहिलं होतं.

मी हे काकूंना वाचून, मराठीत सांगून दाखवलं. चमचा रागाने वाकवला होता, हे ऐकल्यावर त्या म्हणाल्या, “मला माहीत होतं.”

पिवळी वाटेत असताना काकूंना झटका आला. सकाळी दूध घेताना दारातच त्या खाली बसल्या. पातेलं उलटं झालं. काकांनी त्यांना उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यात दिवसरात्र तेच बसले. काकू वाचल्या. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. समजत सगळं होतं. डोळ्यांत दिसायचं.

काकांनी त्यांचं जेवढं केलं तेवढं कुणी करत नाही. वेणी घालायचे, वाकडीतिकडी. पेज भरवायचे. चादर बदलायचे. येणारा प्रत्येक माणूस म्हणायचा, नशीब काढलं कुमुदवहिनींनी. आणि येणाऱ्या प्रत्येक माणसाला काका गोष्ट सांगायचे. आता तिचा शेवट बदलला होता. पलंगाच्या कडेला बसून, काकूंचा निर्जीव हात हातात घेऊन ते म्हणायचे, “मूर्ख होतो बघा मी. हिच्या तबकड्या झाडाला टांगल्या. काय वाटलं असेल हिला?” आणि डोळे पुसायचे. येणाराही डोळे पुसायचा. काका त्याच्याकडे बघायचे, काकूंकडे नाही. माझी आई घरी येऊन म्हणाली, देवमाणूस आहे. पण मी पाहिलं होतं की काकू पलंगावर पडून ती गोष्ट रोज ऐकत होत्या, आता ओट्याकडे तोंड करून पुटपुटणंही जमत नसलेल्या. आणि स्वयंपाकाला ठेवलेली बाई रोज, न चुकता, वरणाला लसणाची फोडणी द्यायची.

एका दुपारी कुरिअरवाला आला. “मॅडम, थाली!” मी खोकं घरी उघडलं नाही. तसंच समोर घेऊन गेले.

काकू खिडकीजवळच्या पलंगावर उशीला टेकून होत्या. मी पिवळं कव्हर त्यांच्या डाव्या हातात दिलं. त्यांचा अंगठा कोपऱ्यातल्या चमच्यावर गेला आणि तिथेच राहिला. त्यांच्या तोंडातून एक आवाज आला. शब्द नव्हता. मी प्लेयर आत आणून स्टुलावर ठेवला, वायर लावली.

काका दारात आले. हातात पेजेची वाटी होती.

“आली वाटतं हिची ती,” ते म्हणाले. त्यांनी वाटी खिडकीत ठेवली आणि खुर्ची ओढून पलंगाजवळ आणली. मग खिशातून मशीन काढलं, कानात बसवलं, बोटाने दाबून नीट केलं. हे मी त्यांना गाण्यासाठी करताना कधी पाहिलं नव्हतं. ते पुढे वाकले, काकूंच्या गालावरचा केस मागे केला आणि अगदी मऊ आवाजात, कुणीही तिसरं ऐकत नसल्यासारखं म्हणाले,

“कुमुद, काय होतं गो त्यात? मला पण ऐकू दे आता.”

कुमुदकाकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. चेहऱ्याचा जिवंत अर्धा भाग हलला. ओठांचं एक टोक वर गेलं, जबडा हलला, मानेची शीर ताणली. घशातून हवा आली. पुन्हा आली. शब्द आले नाहीत. काकांना वाटलं त्या रडतायत. ते “असू दे, असू दे” म्हणत त्यांचा हात थोपटायला लागले.

काकूंनी डावा हात त्यांच्या हाताखालून काढून घेतला. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तिथून दाराकडे. पुन्हा माझ्याकडे. रडत नव्हत्या त्या. इतक्या स्पष्ट नजरेने मला आजवर कुणी काही सांगितलेलं नाही.

तबकडी माझ्या हातात होती, काठावर कुठेही भोक नसलेली. ज्या माणसाने मला परीक्षेला सोडलं होतं, जो रोज पेज भरवत होता, तो माझ्या वडिलांहून मोठा माणूस माझ्याकडे हसून बघत होता. लाव, लाव, अशी त्यांनी मान हलवली.

मी काहीतरी म्हणाले.

“काय म्हणालीस, बाळा?” काकांनी कान पुढे केला. “मोठ्याने बोल.”

“काका,” मी मोठ्याने म्हणाले, “तुम्ही बाहेर जाऊन बसा. ही त्यांची आहे.”